जुना डिझेल ट्रक स्टार्ट व्हायला रडतोय? टायमिंगला पाना लावायच्या आधी हे बघा

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या ट्रकची एकच तक्रार वर्षानुवर्षं ऐकतोय: गाडी लवकर उचलत नाही, खूप सेल्फ मारावा लागतो, पांढरा धूर काढते, टायमिंग (सिलिंडरमधे डिझेलचा फवारा नेमका कधी पडायचा ती वेळ) हललं असणार, पंप जरा फिरवून द्या. पंप फिरवला की कधीकधी खरंच थोडे दिवस बरं वाटतं आणि तिथेच घोळ होतो, कारण मूळ दुखणं तसंच राहतं आणि वरून टायमिंगही बिघडलेलं. टायमिंग असं आपोआप हलत नाही हो. ते गियर, शाफ्टची चावी आणि फ्लँजचे बोल्ट यांनी बांधलेलं असतं. हल्ली कोणी पंप काढून बसवला असेल, टायमिंग बेल्ट किंवा चेन बदलली असेल, कपलिंग तुटलं असेल, बोल्ट ढिले झाले असतील तर टायमिंगवर संशय घ्या. पण गाडी महिनोन्महिने हळूहळू आळशी होत गेली असेल तर आधी बॅटरी, डिझेलच्या लाईनमधली हवा, नोझल (सिलिंडरमधे डिझेल फवारणारं तोंड), कॉम्प्रेशन (सिलिंडरमधे हवा दाबून बनणारा दाब), आणि मग सगळ्यात शेवटी टायमिंग.

हे सगळं लाईन पंप (प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर असलेला) आणि रोटरी पंप (एकच हेड सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटून देतं तो) असलेल्या गाड्यांसाठी आहे. कॉमन रेलला (नव्या गाड्यांतली कॉम्प्युटरवर चालणारी हाय प्रेशर सिस्टिम) यातलं बरंचसं लागू होत नाही, आणि तिथे नट ढिला करून बघायचे प्रकार तर अजिबात करू नका.

आधी लक्षणं

एकाला सेल्फ मारायला बसवा आणि तुम्ही सायलेन्सरपाशी उभे राहा. अर्धं निदान तिथेच होतं.

सेल्फ फिरतोय पण धूरच नाही: डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाहीये. हवा धरलीय, फिल्टर जाम आहे, स्टॉप सोलेनॉइड (पंपाचं डिझेल चालू-बंद करणारा विजेचा भाग) उघडत नाहीये किंवा स्टॉपची केबल अर्धवट ओढलेली राहिलीय. इथे टायमिंगचा विचारसुद्धा करू नका.

पांढरा, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास असलेला धूर: डिझेल पोचतंय पण पेटत नाहीये. कारणं बरीच, सेल्फ हळू फिरतोय, हीटर प्लग मेलेत, कॉम्प्रेशन कमी आहे, नोझल गळतायत किंवा टायमिंग रिटार्ड आहे (फवारा उशिरा पडतोय). धूर पांढरा पण झोंबत नाही, गोडसर वास येतो आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय, तर ते कूलंट आहे, हेड गॅस्केटकडे बघा आणि जास्त सेल्फ मारू नका, सिलिंडरमधे पाणी साचलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

रात्रभर उभी राहिल्यावर त्रास, पण दिवसात दहा वेळा बंद-चालू केली तरी लगेच स्टार्ट: डिझेल पाईपमधून टाकीकडे परत उतरतंय, म्हणजे कुठेतरी हवा शिरतेय.

इंजिन थंड असताना ठीक पण गरम झाल्यावर बंद केली की स्टार्ट होत नाही: रोटरी पंप असेल तर त्याचा हेड-रोटर झिजलाय असं समजा. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून निसटतं, सेल्फच्या स्पीडला प्रेशर बनतच नाही.

सेल्फ मारताना इंजिन उलटा झटका देतं, स्टार्ट झाल्यावर कडक ठोका येतो: टायमिंग जास्त ऍडव्हान्स असू शकतं. स्टार्ट होते पण दम नाही, ऍक्सिलरेटर दिला की पांढरट धूर, इंजिन लवकर तापतं: रिटार्ड. दोन्हीमधे गाडी स्टार्ट व्हायला त्रास देते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. जास्त ऍडव्हान्स असेल तर हवा पुरती तापायच्या आधीच फवारा पडतो, जास्त रिटार्ड असेल तर पिस्टन खाली जायला लागल्यावर पडतो आणि तोवर गरमी निघून गेलेली असते.

१. बॅटरी, वायर, सेल्फ

फुकटचं काम, फक्त मल्टीमीटर पाहिजे. डिझेलला स्पार्क नसतो, नुसत्या दाबलेल्या हवेच्या गरमीवर ते पेटतं, आणि सेल्फ हळू फिरला की दाब बनता बनता हवा रिंगांतून निसटते, उरलेली गरमी थंडगार ब्लॉक पिऊन टाकतो. बऱ्याच जुन्या इंजिनांना सेल्फवर मिनिटाला १०० ते २०० फेरे तरी लागतात. कानाला "फिरतंय की" वाटतं पण ते पुरेसं नसतं.

१२ व्होल्टची बॅटरी उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास पाहिजे. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी तरी गेलीय नाहीतर सेल्फ जास्त करंट खातोय. २४ व्होल्टच्या गाडीत आकडे दुप्पट धरा आणि दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा, एक मेलेली बॅटरी दुसरीला पण घेऊन जाते. मग मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरं इंजिन ब्लॉकला लावून सेल्फ मारा, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थिंगची पट्टी खराब आहे. जुन्या ट्रकमधे ही पट्टी नटाखाली आतून हिरवी पडलेली असते आणि बाहेरून अगदी छान दिसते. घासून, घट्ट करून परत मोजा.

सेल्फ सलग १०-१५ सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मधे एखादं मिनिट सोडा. नाहीतर डिझेलचा प्रॉब्लेम शोधता शोधता सेल्फची आर्मेचर जळेल.

२. स्टॉप केबल आणि सोलेनॉइड

दोन मिनिटांचं काम. पंपावरचा स्टॉप लिव्हर हाताने हलवून बघा, तो पूर्ण "रन" बाजूला येतोय ना. केबल गंजली की लिव्हर मधेच अडकतो आणि पंप अर्धवट डिझेल देतो, गाडी कशीबशी चालते पण स्टार्टला जीव जातो. सोलेनॉइड असेल तर चावी ऑन-ऑफ करून टक् असा आवाज ऐका, आणि चावी ऑन असताना तिथे पूर्ण व्होल्टेज येतंय का मोजा. सेल्फ मारतानाही मोजा, कारण काही इग्निशन स्विच झिजल्यावर नेमके सेल्फच्या पोझिशनला सोलेनॉइडची लाईन तोडतात. लक्षण मजेशीर असतं: सेल्फ मारत असेपर्यंत काही नाही, सेल्फ सोडला की त्या क्षणी एखादा फायर होतो.

लाईन पंपाच्या काही गव्हर्नरवर (स्पीड सांभाळणारा भाग) थंड स्टार्टसाठी जास्तीचं डिझेल देणारं बटण किंवा लिव्हर असतो. तो वापरायचा असतो हेच बऱ्याच ड्रायव्हरांना कोणी सांगितलेलं नसतं.

३. हवा (इथे घाई करू नका)

टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) लाईन डिझेल ओढते, म्हणजे आत दाब कमी असतो. तिथे भोक पडलं तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून "कुठेच लीक नाही हो, सगळं कोरडं आहे" हे वाक्य ऐकून फसू नका, कोरडं असूनच हवा शिरते.

कुठे बघायचं तर टाकीवरचे रबरी पाईप (वरून ठीक दिसतात, वाकवले की भेगा उघडतात), वॉटर सेपरेटरचं गॅस्केट, फिल्टरच्या डोक्याचं रबर, बॅन्जो बोल्टचे कॉपर वॉशर, आणि हॅन्ड प्रायमर (हाताने डिझेल ओढायचा दट्ट्या). प्रायमरचा दट्ट्या नीट दाबून पेच बसवलेला नसला की तिथूनच हवा जाते. कॉपर वॉशर परत परत वापरले जातात, ते एकदा चेपले की कडक होतात आणि नीट सील करत नाहीत. नवीन टाका, यात कसली काटकसर.

पक्कं करायचं असेल तर फीड पंपाच्या आधी आणि फिल्टरनंतर पारदर्शक पाईपचा तुकडा लावून गाडी चालू करा. सुरुवातीला एखाद-दोन बुडबुडे चालतील, पण सतत बारीक फेस दिसला तर हवा आहे. मग गाडी बंद करून रात्रभर ठेवा, सकाळी पाईप रिकामा दिसला तर डिझेल मागे उतरलं. फीड पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह कचऱ्याने उघडा राहिला तरी हेच होतं.

सगळ्यात भरवशाची टेस्ट म्हणजे एक स्वच्छ डबा, इंजिनपेक्षा वर बांधलेला, त्यातून डिझेल सरळ फिल्टरला द्या आणि टाकीकडची लाईन बंद ठेवा. रिटर्न पण त्याच डब्यात सोडा. अशी गाडी रात्रभर ठेवून सकाळी एका सेल्फला उचलली तर पंप, नोझल, टायमिंग सगळं बाजूला ठेवा, दुखणं टाकी ते फिल्टर या टप्प्यात आहे. या एका टेस्टने मी कितीतरी पंप उतरवण्यापासून वाचवलेत.

एअर काढताना क्रम पाळा. आधी फिल्टरचा पेच ढिला, प्रायमर मारत राहा, बुडबुडे थांबले की प्रायमर चालू असतानाच पेच घट्ट. मग पंपाचा पेच, तसंच. तरी स्टार्ट नसेल तर नोझलकडचे नट अर्धा फेरा ढिले करून सेल्फ मारा, डिझेल उड्या मारत यायला लागलं की घट्ट करा. हात आणि तोंड लांब ठेवा. नोझलचा फवारा कातडीतून आत घुसतो, सुई टोचल्याएवढी खूण दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, आणि नंतर बोट कापायची वेळ येते. असं झालं तर घरी मलम लावत बसू नका, थेट हॉस्पिटल. हाय प्रेशर लाईनचं लीक शोधायला पुठ्ठा धरा, हात नाही.

फिल्टर याच टप्प्यात बदला, आणि सेपरेटरचं पाणी काढा. लाईन पंपाला ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह असतो, त्याची स्प्रिंग थकली की पंपाच्या गॅलरीत दाब टिकत नाही आणि स्टार्ट लांबतो. छोटा स्वस्त भाग आहे पण कोणाच्या लक्षात येत नाही.

४. हीटर प्लग किंवा इनटेक हीटर

प्री-चेंबरवाल्या (डिझेल आधी छोट्या वेगळ्या कप्प्यात पेटतं अशा) इंजिनाला हीटर प्लग लागतातच, कारण चेंबरच्या भिंती बरीच गरमी खातात. प्लगची वायर काढून ओहम मोजा, चांगला प्लग साधारण एक-दोन ओहमच्या आत दाखवतो, अनंत दाखवला तर मेला. सगळे प्लग चांगले निघाले तर रिलेपासून पट्टीपर्यंत व्होल्टेज येतंय का बघा. डायरेक्ट इंजेक्शनच्या बऱ्याच ट्रकना प्लग नसतात, काहींना इनटेकमधे हीटरची जाळी असते.

आणि स्टार्टिंग स्प्रे. प्लग किंवा हीटर असलेल्या इंजिनात तो कधीही मारू नका, लाल झालेल्या प्लगवर ईथर गेलं की वरच्या वर भडका उडतो, पिस्टनच्या रिंगा आणि त्यांच्यामधली धार तुटते. नसलेल्या इंजिनातही सवय लावू नका. स्प्रेने स्टार्ट होणारी गाडी दुरुस्त झालेली नसते.

५. टॅपेट, नोझल, कॉम्प्रेशन

टॅपेट (व्हॉल्व्हची गॅप) आधी, कारण फक्त फीलर गेज लागतो. व्हॉल्व्ह घट्ट असेल तर तो पूर्ण बसत नाही आणि दाब निसटतो. गॅप मॅन्युअलप्रमाणे करा, तिथे गरम इंजिनावर म्हटलंय की थंड ते नीट वाचा.

नोझल: आयडलवर एकेका नोझलचा नट ढिला करा. इंजिनाचा आवाज बदलला नाही तर तो सिलिंडर कामच करत नव्हता. नोझल काढून टेस्टरवर लावून घ्या, जुन्या पिंटल नोझल साधारण ११० ते १५० बारला उघडतात, भोकांच्या नोझल १७५ ते २५० च्या दरम्यान, तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा मॅन्युअलमधे असतो. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. स्प्रिंग थकून नोझल कमी दाबाला उघडायला लागली तर फवारा लवकर पडतो, म्हणजे टायमिंग ऍडव्हान्स झाल्यासारखं वागतं, कडक ठोका येतो, आणि लोक पंप फिरवून रिटार्ड करतात. मग नोझल बदलल्यावर गाडी खरंच रिटार्ड होते आणि पुन्हा पंपाला शिव्या. म्हणून नोझल सेट झाल्याशिवाय टायमिंग बघूच नका.

कॉम्प्रेशन मोजायला डिझेलचा गेज पाहिजे, पेट्रोलचा फुटेल. डिझेल बंद करून सगळे नोझल किंवा प्लग काढून मोजा. एकूण आकड्याइतकीच सिलिंडरमधली तफावत महत्त्वाची. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर गॅस्केट, सगळेच सारखे कमी असतील तर रिंगा-लायनर. इंजिन चालू असताना ऑईल भरायचं झाकण उघडल्यावर धूर फुसफुसत बाहेर येतोय का ते पण बघा. कॉम्प्रेशन गेलं असेल तर इथे थांबा. टायमिंगने ते भरून निघत नाही.

६. आता टायमिंग

वरचं सगळं ठीक निघालं असेल तरच. पहिलं काम, पाना लावायच्या आधी पंपाच्या फ्लँजवर आणि टायमिंग केसवर आरपार एक बारीक रेघ मारा, छिन्नीने किंवा पेंटने. काहीही बिघडलं तरी या रेघेवर परत येता येतं. कंपनीची जुनी रेघ जुळत असेल, बोल्ट घट्ट असतील आणि पंप कोणी उघडलेला नसेल तर टायमिंग फारसं हललेलं नाही, परत तीन नंबरला जा आणि हवा शोधा.

रेघ जुळते पण तरी शंका आहे तर कपलिंग बघा. लाईन पंपाच्या कपलिंगच्या पत्र्याच्या चकत्या तुटतात, चावी झिजते, गियरच्या टेपरवर नट ढिला होऊन गियर सरकतो. हातात खेळ जाणवला तर दुखणं सापडलं, पंप फिरवून ते झाकू नका. सेंट्रिफ्यूगल ऍडव्हान्स असलेल्या पंपात त्याची वजनं अडकली तर स्टार्ट ठीक पण स्पीडला दम नाही, किंवा उलटं.

टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) खुणेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. पुढची पुली रबरवाली असेल तर रबर सुटून बाहेरची रिंग सरकते आणि खूण खोटी पडते. फ्लायव्हीलची खूण जास्त भरवशाची.

स्पिल टायमिंग (डिझेलची धार कधी तुटते ते बघून टायमिंग मोजणं), लाईन पंपासाठी, थोडक्यात: गाडी न्यूट्रल, चाकांना अडण्या, बॅटरी काढलेली. एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणा, तेव्हा त्याचे दोन्ही रॉकर ढिले असतात आणि शेवटच्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघड-झाप बदलत असतात. हे चुकलं तर पंप क्रँकच्या पूर्ण एका फेऱ्याने उलटा बसतो, पांढरा धूर भरपूर आणि फायर एकही नाही. मग पंपाच्या एक नंबरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून होल्डर परत लावा, त्यावर वाकवलेला पाईप बसवा, लिव्हर फुल ऍक्सिलरेटरला बांधा, प्रायमर मारा. इंजिन पाव फेरा मागे घ्या, डिझेल धारेने येईल. आता इंजिन फिरायच्या दिशेनेच, हळू, फिरवा. धार तुटून थेंब थेंब व्हायला लागले की तो इंजेक्शन सुरू व्हायचा क्षण, फ्लायव्हीलवर किती डिग्री दाखवतंय ते वाचा आणि मॅन्युअलशी ताडून बघा. पुढे गेलात तर मागे पाव फेरा घेऊन परत पुढून या, नाहीतर गियरांचा खेळ मोजमापात येतो. व्हॉल्व्ह परत बसवताना एक कणही कचरा नको आणि होल्डर टॉर्कनेच घट्ट करा.

जुळवायचं झालं तर पंपाची बॉडी शाफ्टच्या फिरण्याच्या उलट दिशेला वळवली की ऍडव्हान्स, त्याच दिशेला वळवली की रिटार्ड. पंप क्रँकच्या अर्ध्या स्पीडने फिरतो, म्हणजे पंपाची १ डिग्री ही क्रँकची २ डिग्री, म्हणून केसाएवढं सरकवायचं आणि परत मोजायचं. गियरचा एक दाता चुकला तर किती होतं ते पण हिशोब करून बघा, ६० दात्यांच्या पंप गियरला एक दाता म्हणजे पंपाची ६ आणि क्रँकची १२ डिग्री. तेवढं फ्लँजच्या खाचेत बसतच नाही, त्यामुळे पंप टोकाला गेला तरी जुळत नसेल तर दाता चुकलाय, गियर परत बसवावा लागेल.

रोटरी पंपाला मागचा प्लग काढून डायल गेजने प्लंजर किती उचलला ते मोजतात, काही जुन्या पंपांत बाजूच्या खिडकीतून आतली खूण जुळवतात. डायल गेज आणि त्याचा अडॅप्टर नसेल तर कानाने टायमिंग लावू नका. "ठोका ऐकून" लावलेलं टायमिंग बहुतेक वेळा जास्त ऍडव्हान्सकडे जातं, गाडी जोरात ओढते म्हणून सगळे खूश, आणि पुढे हेड गॅस्केट किंवा पिस्टन.

इथे थांबा, मेकॅनिकला बोलवा

पंपाची सील तोडायची वेळ आली तर. पंपाच्या आतलं काम टेस्ट बेंचशिवाय (पंप तपासायचं मशीन) होत नाही, घरी उघडलेला पंप बेंचवर जास्त महाग पडतो. रोटरी पंपाचं हेड गरम असताना गाडी स्टार्ट होत नाही, आणि इंजिन बंद ठेवून पंपावर ओलं फडकं टाकून तो थंड केल्यावर लगेच होते, तर पंप झिजलाय हे पक्कं, बेंचवाल्याकडे द्या. चालू इंजिनावर थंड पाणी ओतू नका, आतला रोटर जाम होऊ शकतो. इंजिन ऑईलची लेव्हल वाढलीय आणि डिझेलचा वास येतोय तरी गाडी चालवू नका, पातळ ऑईलने बेअरिंग जातील आणि इंजिन तेच ऑईल पिऊन बेलगाम पळू शकतं. कॉम्प्रेशन कमी, कूलंट सिलिंडरमधे, टायमिंग गियर तुटलेला, ही पण घरची कामं नाहीत.

पंप काढून न्यायचाच असेल तर एक नंबर कॉम्प्रेशनवर खुणेला आणून मगच काढा, सगळी तोंडं स्वच्छ टोप्यांनी बंद करा, कापूस किंवा चिंधी कोंबू नका, त्याचे धागे नोझलमधे जातात. पंप येईपर्यंत क्रँक फिरवू नका आणि नोझलही पंपासोबतच द्या. बेंचवाल्याला "स्टार्ट होत नाही" एवढंच सांगू नका, थंड की गरम, धूर कोणता, डब्याच्या टेस्टला काय झालं, कॉम्प्रेशनचे आकडे आणि नोझल किती दाबाला उघडल्या ते कागदावर लिहून पंपाला बांधा.